कांजिण्यांची शाळा

आम्हा भावंडांत एकमत होणं कठीण. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरात न्हाणीकडे उतरायला पायऱ्या दोन होत्या की तीन, पेरूचं झाड आधी पडलं की आजोबा आधी गेले, यावरून आजही फोनवर जुंपते. पण कांजिण्यांच्या आठवड्याचा विषय निघाला की सगळे एकाच वेळी बोलायला लागतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही.

सालावरून मात्र बरीच वर्षं वाद होता. दादा म्हणायचा ७२, ताई म्हणायची ७३. शेवटी भिलाईच्या धाकट्याला ‘कार्डवाला माणूस’ आठवला आणि निकाल लागला. मार्च १९७४, होळी आणि पाडव्याच्या मधला आठवडा. त्या काळात देवीचा रोग संपवायची मोहीम ऐन भरात होती. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल आणि आपला तेव्हाचा अखंड मध्य प्रदेश, या चार राज्यांत १९७३ च्या पावसाळ्यानंतर आरोग्यखात्याची माणसं ठरावीक आठवड्यांत घरोघर हिंडून कुणाच्या अंगावर फोड आहेत का ते विचारत. असाच एक जण आमच्या दारात उभा राहिला. हातात एक कार्ड, त्यावर देवी आलेल्या मुलाचा फोटो.

“घर में किसी को माता आई है क्या?”

आजी आतूनच म्हणाली, “आई है, लेकिन छोटीवाली.”

त्याचा त्यावर विश्वास बसेना. आम्हाला ओसरीवर ओळीनं उभं करून त्यानं सदरे वर करायला लावले. देवीचे फोड तोंडावर आणि हातापायांवर दाट येतात, तळव्यांवरही येतात, आणि सगळे एकाच वेळी सारखे पिकतात. कांजिण्या पोटापाठीवर जास्त, आणि त्यांत पुरळ, पाण्याचा फोड, खपली असं सगळं एकाच वेळी नांदत असतं. हे त्यानं आजोबांना समजावलं आणि आम्ही ऐकलं. तो गेल्यावर धाकटा आरशासमोर तळवे उलटेपालटे करून बघत बसला. त्या आठवड्यातला आमचा पहिला धडा तो, आणि शिकवणारा पाच मिनिटांत पुढच्या घरी निघूनही गेला. पुढच्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, देवीचा देशातला शेवटचा रुग्ण सापडला, आणि पुढे तो कार्डवालाही दारात यायचा थांबला.

घरात आम्ही सहा पोरं. आम्ही तिघं, काकांची दोघं आणि आत्याचा मुलगा. आत्या राजनांदगावला, म्हणून त्याला शिकायला आजोळी ठेवलेलं. दादाला कांजिण्या दोन आठवडे आधी येऊन गेल्या होत्या. त्याची परीक्षा जवळ आली होती आणि तो माडीवर पुस्तकात डोकं घालून बसलेला. बाकीच्या आम्हा पाच जणांना एकदम आल्या. शाळा बंद, गल्लीत जाणं बंद, दाराला कडुनिंबाचे टहाळे. घरात फोडणी बंद, त्यामुळे आठवडाभर वरणाला हिंग नाही की जिरं नाही. ताईला त्या आठवड्यातलं सगळ्यांत जास्त काय आठवतं, तर ते अळणी वरण.

तात्यापाऱ्यातल्या आमच्यासारख्या मराठी घरांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर या शाळेचं मर्म कळायचं नाही. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला येऊन राहिले, तेव्हापासून छत्तीसगडात मराठी घरं रुजत गेली. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं तरी माणसं राहिली. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूरच, म्हणून कचेरी, कोर्ट, रेल्वे, शाळा, सगळीकडे मराठी माणूस असायचा. आमचे आजोबा त्यांतलेच, कचेरीत नाझर होते. १९५६ मध्ये नागपूर-विदर्भ वेगळ्या राज्यात गेलं आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिलं. तेव्हापासून आमच्यासारख्या घरांची वाटणीच झाली. शाळा हिंदीची, घर मराठीचं, आणि अंगण छत्तीसगढीचं. या वाटणीचा त्रास झाला असं आम्हा कुणालाच आठवत नाही. याच गावात राहून माधवराव सप्र्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं, १९११ मध्ये मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, यात इथे कुणाला नवल वाटायचं नाही.

तर पाच पोरं घरात कोंडलेली, अंगाला खाज, आणि वार्षिक परीक्षा तोंडावर. आजच्या घरात काय झालं असतं ते मी पुढे सांगतेच. त्या घरात मात्र अभ्यासाला बसा असं कुणी म्हटलं नाही. सगळ्यांना आपापली कामं होती.

आजोबांपुढे पहिली अडचण खाजवण्याची. त्यांनी वहीचं एक पान आखलं, वर पाच जणांची नावं आणि डावीकडे वार. प्रत्येकानं दुसऱ्याच्या पाठीवरचे फोड मोजायचे, नवे किती, खपली धरलेले किती, आणि रकान्यात लिहायचे. मोजणाऱ्याचे हात गुंतले, मोजून घेणारा आकडा वाढतो का या उत्सुकतेत खाजवायचं विसरला. शुक्रवारपर्यंत नव्यांचा रकाना उतरत गेला आणि खपल्यांचा चढत गेला. “दोन्ही कुठं सारखे झाले ते दाखव,” म्हणून आजोबांनी विचारलं. आमच्यातल्या छकुलीनं गुरुवारवर बोट ठेवलं. ती पुढे सांख्यिकी शिकवायला लागली. ती म्हणते, माझा पहिला तक्ता धाकट्याच्या पाठीचा.

मंगळवारी की बुधवारी, यावर वाद आहे, कोठीतलं धान उन्हात घातलं होतं. गिरणीवर पाठवायचं होतं. आमच्याकडे भांडी घासणारी राऊतीण आणि तिचा नवरा काठा नावाच्या मापानं मापत होते. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, ‘राम’ म्हणायचं, मग दोन, तीन. वीस काठे झाले की एक खंडी, आणि खंडीची खूण म्हणून बाजूला एक मूठ धान ठेवायचं. मापणारा चुकला तरी मुठी चुकत नाहीत. आम्हाला उन्हात यायला मनाई, म्हणून पडवीत बसून पाहायचं. शेवटी सात मुठी झाल्या आणि वर तेरा काठे.

“एकूण काठे किती?” आजोबांनी विचारलं. ताई पाटीवर गुणाकार मांडेपर्यंत आतेभावानं सांगून टाकलं, एकशे त्रेपन्न. मग एक काठा तागडीत घालून तोलला. मग सगळ्याचं वजन काढा. मग किलोचे मण करा, कारण आजोबांच्या डोक्यात अजून मणच होते आणि मणाला सदतीस किलो आणि वर थोडं लागायचं, आणि ते ‘थोडं’ सोडलेलं त्यांना चालत नसे. मग तीन हिस्से धानाचे वजनानं दोन हिस्से तांदूळ येतात, बाकी कोंडा-भुसा, तर घरी तांदूळ किती यावेत? आम्ही संध्याकाळपर्यंत भांडत होतो. दोन दिवसांनी गिरणीवरून पोती आली आणि पुन्हा तोलली. आतेभावाचं उत्तर जवळपास बरोबर निघालं. शाबासकी कुणी दिली नाही. तांदूळ कोठीत गेले आणि आजोबा गिरणीवाल्याला “या वेळी प्रामाणिक वागलास” म्हणाले.

या हिशेबाला पायाशी होती ती दिडकी. शाळेत आम्हाला तीसपर्यंत पाढे होते, सरळ. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळं घरचं. रुपयाचे शंभर पैसे १९५७ मध्येच झाले होते, तेव्हा सोळा आण्यांसाठी घोटलेल्या या पाढ्यांचं आता काय काम, असं काका म्हणायचे. आजोबा ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी पुन्हा औटकी सुरू करायचे. एक औटं साडेतीन, दोन औटं सात. दिवेलागणीला शुभंकरोती आणि रामरक्षा झाली की त्याच सुरात, तिथंच बसून. धाकट्याला बरेच दिवस औटकी हे रामरक्षेचंच शेपूट वाटायचं.

आजीचा वर्ग टपालाचा. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि पोस्टकार्डावरचं बारीक अक्षर तिला लागेना. वर्ध्याच्या बहिणीचं कार्ड आलं की आम्हाला मोठ्यानं वाचायला लागायचं, अडखळलं की पहिल्यापासून. उत्तरही आम्हीच लिहायचं, प्रत्येकानं दोन ओळी. शाळेच्या हिंदी वर्णमालेत ळ नाही, त्यामुळे ‘काळजी’ आम्ही ‘कालजी’ लिहायचो आणि म्हणायचोही. आजीनं पाटी घेतली. रेघेवरून मधोमध थोडं खाली यायचं, डावीकडे एक वेटोळं, मग हात न उचलता उजवीकडे दुसरं. माझ्या अंगठ्यावरच एक फोड होता, पेन्सिल धरली की दुखायचा, त्यामुळे माझी उजवी वेटोळी नेहमी अर्धीच राहायची. आजी म्हणाली, “असू दे, तुझ्या मावशीआजीला कळेल तुझ्या हाताला काय झालंय ते.” आणि खरंच उलट टपाली कार्डात माझ्या अंगठ्याची चौकशी होती. लिहिलेलं कुणीतरी वाचतं, हे मला त्या कार्डानं कळलं. शाळेच्या निबंधांनी ते कधी कळलं नव्हतं.

काकू पुण्याच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांनी आमच्या मराठीवर मोहीमच उघडली होती. “मी जेवून राहिलो नाही, मी जेवतोय!” पाटावर बसलेल्या पाचही जणांना त्यांनी त्या आठवड्यात हे घोकायला लावलं. शेवटी एकदा आजोबाच ताटावरून म्हणाले, “सूनबाई, पोरं बरोबर बोलून राहिली ना, कायले रागावता?” काकू पदराआड हसल्या. पुढं त्यांचंही मराठी बदललं. आज ऐंशीच्या पुढच्या काकू नातवाला “काय करून राहिला बाप्पा?” म्हणतात, आणि आम्ही त्यांना सोडत नाही. स्वयंपाकघरात त्या कणीक मळताना पाणी किती लागलं ते विचारायच्या, भाकरीचे चार, चारांचे आठ करायला लावायच्या. भाकरी मोडायची म्हणून पोरं अपूर्णांक शिकली, एवढीच त्यामागची योजना.

दुपारी राऊतीण भांडी घासायला आली की जनउला. छत्तीसगढीत कोड्याला जनउला म्हणतात. तिच्याजवळ त्यांचा साठा होता, आणि उत्तरं सगळी अंगणातली असत, भोपळा, नांगर, मोहाचं फूल, मधमाश्यांचं पोळं. आम्ही शाळेत पहिला नंबर मिळवणारे तिथं पुरते हरायचो. तिच्याबरोबर तिची लेक यायची, माझ्याच वयाची. ती उंबऱ्याशी बसायची आणि आमच्याआधी उत्तर द्यायची. ऐकून ऐकून तिची दिडकीही पाठ झाली होती.

तिच्यापाशी आमच्या सगळ्यांच्या आठवणी जरा अडखळतात. कांजिण्या बऱ्या झाल्यावर आम्ही शाळेत गेलो आणि ती आईबरोबर दुसऱ्या घरी भांडी घासायला. तिसरीतून तिचं नाव कधी कमी झालं ते कुणी विचारलं नव्हतं. माझ्या पिढीची माणसं जुन्या घराचे गोडवे गातात तेव्हा मला ती आठवते. एवढी शिकवणारी माणसं असलेलं घर तिच्याही डोळ्यांसमोरच होतं, पण ते तिचं नव्हतं. आणि आमच्याही घरात हा सगळा कारखाना चालायचा तो बायकांच्या पहाटेपासूनच्या कामावर. आजी चौथीत थांबली आणि काकूंनी बी.ए.चं शेवटचं वर्ष सोडून लग्न केलं, हेही त्याच घरात घडलं.

शाळा बुडतेय म्हणून ताई रडायला लागली तेव्हा आजोबांनी आम्हाला बुढापाऱ्यातल्या नरेंद्राची गोष्ट सांगितली. आमच्या घरापासून बुढापारा म्हणजे हाकेवर. १८७७ मध्ये विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला राहिले आणि त्यांनी कलकत्त्याहून कुटुंब बोलावून घेतलं. थोरला नरेंद्र चौदा वर्षांचा. रेल्वे नागपूरपर्यंत, तिथून पुढे जंगलातून बैलगाडीनं पंधरवड्याहून जास्त दिवस. त्याला घालावी अशी शाळा तेव्हा रायपुरात नव्हती, असं चरित्रकार सांगतात. म्हणून वडीलच घरी शिकवत. शिकवत म्हणजे त्याच्याशी वाद घालत, घरी येणाऱ्या विद्वानांच्या गप्पांत त्याला बसू देत, मत मांडू देत. स्वयंपाक आणि बुद्धिबळ तो इथंच शिकला. १८७९ मध्ये परत गेल्यावर मागं पडलेला अभ्यास भरून काढून प्रवेश परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाला. पुढे तो विवेकानंद झाला. आज बुढा तलावाला त्याचं नाव आहे आणि विमानतळालाही.

ताईचं रडणं थांबलं. आतेभावानं मात्र विचारलं, “म्हणजे शाळेत गेलो नाही तर चालतं?” आजोबा म्हणाले, “तुझा बाप रोज तुझ्याशी दोन तास वाद घालायला मोकळा असला तर चालतं.” आतेभावाचे वडील रेल्वेत, महिन्यातून दोनदा भेटणार. तो गप्प बसला.

परीक्षा झाली, निकाल लागला, सगळे पास. धाकट्याला हिंदीत दोन गुण कमी पडले, कारण नव्यानं शिकलेला ळ त्यानं हौसेनं हिंदीच्या पेपरात जागोजाग पेरला होता.

आता अलीकडचं. २०२० च्या सप्टेंबरात रायपुरात कोरोनाचे रुग्ण वाढले आणि २१ ते २८ तारखेपर्यंत सगळं शहर बंद केलं. दूध आणि औषधं सोडून काही मिळेना, आदल्या दिवशी भाजीबाजारात झुंबड उडाली. माझं सासर चौबे कॉलनीत, मुलगा-सून आणि दोन नातवंडं घरात. शाळा मार्चपासून फोनवर चालू होती. सुनेनं त्या आठवड्यासाठी कार्डशीटवर सुरेख वेळापत्रक रंगवलं, नऊ ते साडेनऊ गणित, मग मराठी, मग चित्रकला. मंगळवारी ते काटेकोर चाललं. बुधवारी फोनच्या वर्गात आवाज बंद करून धाकटी टेबलाखाली सापडली. गुरुवारी सून स्वतःची मीटिंग आणि पोरांचं गणित या दोघांच्या मध्ये उभी राहून रडकुंडीला आली.

त्याच दिवशी बटाट्यांची टोपली तळाला गेली. मी दोघांना ती देऊन म्हटलं, सोमवारपर्यंत पुरवायचे आहेत, कसे ते तुम्ही ठरवा. मोठ्यानं बटाटे मोजले, दिवसांनी भागले, बाकी उरली. धाकटीनं मोठे आणि लहान वेगळे केले आणि त्याचा भागाकार मोडून काढला. मग तराजू मागितला गेला. तासभर घरात आवाज होता, पण तो भांडणाचा होता, कंटाळ्याचा नव्हता.

रात्री भावंडांच्या व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं आणि सगळेच सरसावले. आतेभाऊ आता नागपुरात, निवृत्त इंजिनियर. त्यानं औटकी घेतली. ताईनं आजोबांनी शिकवलेली मोडीतली सही पोरांकडून गिरवून घेतली. दादानं पुण्याहून कागदावर एक पत्र लिहून त्याचा फोटो पाठवला, आणि उत्तर हातानंच लिहिलेलं हवं अशी अट घातली. ज्यांच्या पाठीवरचे फोड मोजून आम्ही गणित शिकलो, ते सगळे पुन्हा एका घरात आले, पाच शहरांतून.

आमच्याकडे फोन होते, भावंडं होती. ज्या घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर कामावर, तिथल्या पोरांसाठी राज्यानं त्या एप्रिलमध्येच ‘पढ़ई तुंहर दुआर’ सुरू केलं होतं. फोन पोचत नाही म्हटल्यावर कितीतरी गुरुजी पाऱ्यापाऱ्यांत जाऊन झाडाखाली, ओट्यावर वर्ग घेऊ लागले, कुठं लाउडस्पीकरवर धडे वाजले. राऊतिणीच्या लेकीसारख्या मुलीला हाच आधार. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे. तो १९७४ मध्ये असता तर तिसरीतलं ते नाव कमी होताना निदान कुणीतरी विचारलं असतं. म्हणून घरच्या शाळेचं मी कितीही कौतुक केलं तरी खरी शाळा बंद करा असं म्हणायची माझी छाती होणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की घरात वेळापत्रकाच्या आधी काम काढावं. मुलाच्या उत्तरावर पोती मोजली जाणार असतील, बटाटे पुरणार किंवा संपणार असतील, तर ते उत्तर शोधतं. शाळा हे करू शकत नाही, तिच्याकडे चाळीस पोरं आहेत आणि बटाटे नाहीत.

आतेभावाचा औटकीचा वर्ग मात्र बंदी उठल्यावरही रविवारी चालू राहिला. मध्यंतरी नातवानं त्याला विचारलं, “मामा-आजोबा, साडेतीनचा पाढा जगात नक्की कुठं लागतो?” आतेभाऊ बराच वेळ विचार करून म्हणाला, “मुहूर्त साडेतीनच असतात ना. आठ वर्षांत किती झाले, सांग बरं?”

नातू क्षणात म्हणाला, “अठ्ठावीस. पण आठ वर्षं थांबायचं कशाला? पाडव्याला सायकल घेऊन टाका.”